नऊ मोठा की सतरा?

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं भगदाड जगजाहीर झालं. त्या एकाच महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी एकामागून एक व्हर्जन्स आली. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बसणाऱ्या एका लहानशा टीमनेही आपले प्रोजेक्ट तपासायला घेतले. हाताशी कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेली स्क्रिप्ट होती. व्हर्जन २.१७.१पेक्षा जुनं दिसलं, की ती लाल शेरा मारणार. एका प्रोजेक्टमध्ये २.९.१ होतं. स्क्रिप्टने ते बिनदिक्कत पास केलं!

स्क्रिप्ट आकडे वाचतच नव्हती, अक्षरं वाचत होती. दोन्हीकडे ‘२.’ सारखं, पुढे एकीकडे ९, दुसरीकडे १. नऊ मोठा, विषय संपला. भूमापन क्रमांक १२/९च्या पुढे १२/१० येतो हे कुठल्याही तलाठ्याला सांगावं लागत नाही, पण साध्या स्ट्रिंग-तुलनेला ते कळत नाही. टीममधल्या एका मुलीने अहवाल बाजूला ठेवून डिपेन्डन्सींची यादी स्वतः वाचली, म्हणून हे सापडलं.

पायथॉन ३.१० आलं तेव्हा याचाच भाऊबंद भेटला. याम्ल फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं, तर ती दशांश संख्या ठरते आणि शेवटचं शून्य गळून ३.१ उरतं.

पण खरी मेख पुढेच आहे. आकडे आकड्यांसारखे वाचणारी बिल्ड टूल्सही एकमेकांशी सहमत नसतात. या टीमने एका लायब्ररीच्या १.२ व्हर्जनमध्ये स्वतःची दुरुस्ती करून तिला ‘१.२-एनजीपी’ असं नाव दिलं होतं. मेव्हनमध्ये ते बरीच वर्षं सुरळीत चाललं, कारण एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स समोर आली, तर मेव्हन मोठं-लहान न पाहता डिपेन्डन्सीच्या झाडात जवळचं असेल ते उचलतो. प्रोजेक्ट ग्रेडलवर नेला आणि दुरुस्ती गायब झाली. ग्रेडल दोहोंतलं मोठं व्हर्जन निवडतो, आणि त्याच्या लेखी आकड्यांपुढे शब्द लागला की व्हर्जन खालच्या पायरीवर जातं. दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीच्या पाठोपाठ आलेलं साधं १.२ तिथे जिंकलं. मजा म्हणजे, मेव्हनच्या क्रमवारीत अनोळखी शब्द लागलेलं हेच व्हर्जन १.२च्या वर बसतं. अल्फा, बीटा, आरसी, स्नॅपशॉट हे मात्र त्याला अंतिम व्हर्जनच्या आधीचे म्हणून ठाऊक आहेत. मेव्हनला १.१ आणि १.१.० सारखेच, ग्रेडलला १.१.० मोठं. दोघांचीही बाजू समजून घेता येते, पण मधल्यामध्ये सापडणाऱ्याने काय करावं?

ती मुलगी आता नव्या पोरांना सांगते, की आपल्या पॅचला शब्द चिकटवू नका, १.२.०.१ असा आकडा द्या. त्यावर दोन्ही टूल्सचं एकमत आहे. आणि ‘लेटेस्ट’ असं लिहून मोकळं होऊ नका. तिचं आवडतं उदाहरण कॉमन्स कलेक्शन्सचं. नोव्हेंबर २०१५मध्ये त्याचं ३.२.२ हे सुरक्षेची दुरुस्ती असलेलं व्हर्जन आलं. पण मेव्हन सेंट्रलवर त्याच नावाखाली २००४०६१६ हे तारखेवरून क्रमांक दिलेलं जुनं व्हर्जनही पडून आहे. तीनपेक्षा दोन कोटी मोठे! सर्वांत नवं मागितलं, की २००४ सालची फाइल हातात पडू शकते.

तुलनेचा कोड मात्र स्वतः लिहू नये. मेव्हनच्या लिब फोल्डरमध्ये मेव्हन-आर्टिफॅक्ट नावाची जार फाइल असते. ‘जावा -जार’ने ती चालवून पुढे दोन व्हर्जन्स लिहिली, तर मोठं कोणतं ते मेव्हन स्वतः सांगतो. ग्रेडलवाल्यांनी ‘डिपेन्डन्सी-इनसाइट’ हे टास्क चालवावं. अमुक व्हर्जन का निवडलं, याचं कारणही त्यात छापून येतं.