‘आजचा दिवसच खराब!’ : एका सोमवारचा अभ्यास



‘आज सकाळी कोणाचे तोंड पाहिले होते कोण जाणे!’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरी महिन्यातून एकदा तरी ऐकू येते. तुम्ही मुले मधल्या सुट्टीत ‘आज तो पनौती लगी है’ असे म्हणता, तेही मी ऐकते. शब्द वेगळे, पण तक्रार एकच. दिवस खराब होता, आपला काही दोष नव्हता.

दिवस खरोखरच खराब असतो का? या प्रश्नाचा आम्ही आठवीच्या वर्गात दोन तासिका अभ्यास केला. अभ्यासासाठी दिवस माझाच घेतला. तो अभ्यास इतर वर्गांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे येथे देत आहे.

दिवस पहिला : काय काय झाले?

ऑगस्टमधला सोमवार होता. रात्री मोबाइल चार्जिंगला लावला, पण भिंतीवरचे बटण दाबायचे राहिले. सकाळी मोबाइल बंद, त्यामुळे गजर वाजलाच नाही. जाग आली तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. एका शेगडीवर दूध ठेवले, दुसरीवर आमटी, आणि मी वेणी घालायला गेले. दूध उतू गेले. ते पुसून होते न होते तोच सिलिंडर संपला. आमटी तशीच अर्धवट गरम डब्यात ओतली आणि निघाले.

राजवाड्याच्या अलीकडे पाऊस सुरू झाला. छत्री घरी, दाराच्या खुंटीला. भिजत भिजत थोडी पुढे गेले तर स्कूटीचे मागचे चाक बसले. पंक्चरवाल्याचे दुकान जवळच होते एवढेच नशीब. शेजारच्या ठेल्यावरून पोहे-जलेबीचा वास येत होता आणि मी उपाशी. पंक्चर निघाले, पैसे द्यायला पर्स उघडली तर पाकीट घरी. मोबाइलवरून द्यावे तर मोबाइल बंद. पंक्चरवाले काका हसून म्हणाले, ‘‘कल दे देना मैडम, कहाँ भागी जा रही हो.’’

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. पिशवी उघडली, तर डब्याचे झाकण नीट लागलेले नव्हते. तपासलेल्या वह्यांवर आमटीचे पिवळे नकाशे उमटले होते. हजेरी घ्यायला चष्मा शोधला, सगळी पिशवी टेबलावर उलटी केली, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, डोक्यावर आहे.’’ काखेत कळसा आणि गावाला वळसा! वर्ग हसला. एरवी मीही हसले असते. त्या दिवशी नाही हसले.

फळ्यावरची यादी

दुसऱ्या दिवशी मी या सगळ्याची यादी फळ्यावर लिहिली : १) गजर वाजला नाही, २) दूध उतू गेले, ३) सिलिंडर संपला, ४) छत्री राहिली, ५) पंक्चर झाले, ६) द्यायला पैसे नव्हते, ७) शाळेला उशीर झाला, ८) आमटी सांडली, ९) चष्मा सापडेना.

मग विचारले, ‘‘यात नशिबाचा भाग कोणता, ते सांगा.’’

आधी सर्वांनी ‘सगळाच’ असे उत्तर दिले. मग एकेक घटना घेऊन ‘हे का झाले?’ असे विचारत गेलो. सिलिंडर केव्हातरी संपणारच होता, तो सोमवारी संपला. रस्त्यावरचा खिळा कोणाच्याही चाकात शिरला असता. या दोन गोष्टी योगायोगाच्या. छत्री, पाकीट, दूध आणि डब्याचे झाकण ही सारी घाईची लेकरे. चष्मा म्हणजे गोंधळलेल्या डोक्याचा पराक्रम. घाई कशामुळे? गजर वाजला नाही म्हणून. गजर का वाजला नाही? बटण दाबले नाही म्हणून. एक मुलगा म्हणालाच, ‘‘मॅडम, हे सगळं तर एकाच बटणानं झालं!’’

मोजून पाहा. नऊपैकी सहा घटना त्या बटणापाशी जाऊन थांबतात. दोन योगायोगाच्या आहेत. शाळेला झालेला उशीर निम्मा बटणाचा, निम्मा पंक्चरचा. म्हणजे नऊ संकटे आली असे मला वाटत होते, प्रत्यक्षात कारणे तीनच होती. खराब दिवस हा बहुधा असाच असतो. एका चुकीच्या पोटी दुसरी, दुसरीच्या पोटी तिसरी. साखळीची पहिली कडी सापडली की पुढच्या वेळी तेवढीच सांभाळायची.

गणित काय सांगते?

आता योगायोगाचा भाग पाहू. समजा, सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही २० लहानसहान कामे करता. दप्तर भरणे, सायकल काढणे, डबा घेणे, रिक्षा गाठणे वगैरे. तुम्ही चांगले नीटनेटके आहात आणि प्रत्येक काम सुरळीत होण्याची शक्यता १०० पैकी ९५ आहे असे धरू. मग वीसच्या वीस कामे सुरळीत होण्याची शक्यता किती?

०.९५ या संख्येला २० वेळा गुणा. उत्तर सुमारे ०.३६ येते. म्हणजे १०० दिवसांपैकी फक्त ३६ दिवस बिनचूक जातील. उरलेल्या ६४ दिवसांत कुठे ना कुठे काहीतरी अडणारच. आणि एकाच दिवशी तीन किंवा त्याहून जास्त कामे बिघडण्याची शक्यता १०० पैकी सुमारे साडेसात आहे. महिन्याचा हिशोब केला तर असे दोन दिवस येतात. कोणाचेही तोंड पाहिले नाही, मांजर आडवे गेले नाही, तरी महिन्यातून दोन दिवस असे येणारच. ते आपल्याच वाट्याला येतात असे नाही. शेजारच्यालाही येतात, फक्त त्याचे आपल्याला दिसत नाहीत.

रांगेचेही तसेच. तिकिटाच्या तीन खिडक्या आहेत, तिन्ही रांगा सारख्याच लांब आहेत. आपली रांग सर्वांत लवकर सरकण्याची शक्यता तीनात एक. शेजारची एखादी रांग पुढे जाण्याची शक्यता तीनात दोन. ‘मी उभा राहतो तीच रांग अडते’ ही तक्रार म्हणजे बहुतेक वेळा साधा अपूर्णांक असतो.

मर्फीचा नियम आणि लोण्याची बाजू

‘जे बिघडू शकते ते बिघडणारच’ या म्हणण्याला मर्फीचा नियम म्हणतात. हे नाव अमेरिकन हवाई दलातील अभियंता कॅप्टन एडवर्ड मर्फी यांच्यावरून पडले. १९४९ साली कॅलिफोर्नियातील हवाई तळावर रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या गाडीवर प्रयोग चालले होते. अचानक वेग कमी झाला तर माणसाचे शरीर किती ताण सोसू शकते, हे त्यातून पाहायचे होते. मोजमापाची उपकरणे उलटी जोडली गेली आणि प्रयोग फुकट गेला. तेव्हाच्या चिडचिडीतून हा नियम जन्मला. पण अभियंत्यांनी तो रडगाणे म्हणून वापरला नाही. चूक होऊ शकते असे गृहीत धरून यंत्रेच अशी बनवावीत की ती उलटी जोडताच येऊ नयेत, असा अर्थ त्यांनी घेतला.

लोणी लावलेला टोस्ट टेबलावरून पडला की लोण्याचीच बाजू खाली येते, अशीही एक जुनी तक्रार आहे. रॉबर्ट मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९५ साली यावर गंभीर शोधनिबंध लिहिला. टेबलाच्या कडेवरून घसरताना टोस्ट गोल फिरू लागतो. परंतु नेहमीच्या टेबलाची उंची एवढी कमी असते की पुरी गिरकी घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. अर्धी गिरकी होते आणि वरची बाजू खाली येते. दोष दैवाचा नसून टेबलाच्या उंचीचा आहे! या संशोधनाला १९९६ साली ‘इग नोबेल’ हे गमतीदार पारितोषिक मिळाले. आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे संशोधन त्यासाठी निवडतात.

आपली भाषा काय सांगते?

आपल्या पूर्वजांचेही असे दिवस असत. भाषेत त्यांच्या खुणा आहेत.

दुष्काळात तेरावा महिना : चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता. दुष्काळात आधीच बारा महिने काढणे कठीण, त्यात तेरावा आला तर काय होईल?

साडेसाती : शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून तो एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे. आपण मात्र पंक्चर झाले तरी ‘साडेसाती लागली’ म्हणतो!

आगीतून फुफाट्यात : फुफाटा म्हणजे तापलेली राख. आगीतून सुटण्याच्या घाईत माणूस गरम राखेत पाय देतो. माझ्या सोमवारचे याहून नेमके वर्णन दुसरे नाही.

दहावी घटना

फळ्यावर नऊच घटना होत्या. दहावी मी सर्वांत शेवटी लिहिली.

चष्म्याच्या प्रसंगानंतर मी वह्या काढायला सांगितल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाकडे वही नव्हती. मी कारण विचारले नाही. ‘‘तुझे हे रोजचेच आहे’’ असे सर्वांसमोर म्हटले आणि त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले. ते रोजचे नव्हते. मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राने सांगितले की आदल्या रात्री त्याच्या आजीला दवाखान्यात दाखल केले होते. तो रात्री उशिरापर्यंत तेथेच होता आणि सकाळी काकांकडून परस्पर शाळेत आला होता. वही घरी होती.

त्याचा दिवस माझ्या दिवसाहून कितीतरी कठीण होता. तरी त्याने कोणावर आवाज चढवला नव्हता.

ही दहावी घटना कोणत्या रकान्यात घालायची? वर्ग गप्प होता. योगायोगात ती बसत नाही. बटणापाशीही जात नाही. बटणाने मला उशीर करवला, पण बोलायला लावले नाही. ती माझी स्वतःची होती. रागावले होते सर्वांसमोर, म्हणून त्या मुलाची माफीही सर्वांसमोरच मागितली. तो लाजून म्हणाला, ‘‘असू द्या मॅडम.’’ त्याची आजी आता घरी आहे. त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीनेच हे लिहिले आहे.

मानसशास्त्रज्ञ सांगतात की मनावर चांगल्यापेक्षा वाईट गोष्टीचा ठसा अधिक खोल उमटतो. २००१ साली अमेरिकेतील रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास तपासून हेच मांडले. म्हणून मला पंक्चर आठवले, पण पैसे न घेता ‘कल दे देना’ म्हणणारे काका यादीत आले नाहीत. आणि म्हणूनच, आपण घाईत बोललेले एक वाक्य समोरच्याला फार दिवस आठवते.

मित्रांनो, दूध पुसता येते, वहीला नवे कव्हर घालता येते, पंक्चरचे पैसे दुसऱ्या दिवशी देता येतात. मी ते दिलेही. परंतु आपला खराब दिवस दुसऱ्याच्या हातात देऊ नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

पालकांना आणि विश्वस्तांना

मूल शाळेतून चिडून आले, तर ‘काय केलेस?’ याच्या आधी ‘काय झाले?’ असे विचारून पाहावे. प्रश्नातला फरक लहान आहे, उत्तरातला मोठा असतो.

विश्वस्त मंडळास एक विनंती आहे. कार्यालयात एक ‘अडचणीची पेटी’ ठेवावी. चार कोऱ्या वह्या, पेन, पट्टी, सेफ्टी पिना, दोन छत्र्या आणि परतीच्या रिक्षापुरते सुटे पैसे एवढे पुरे. खर्च फार नाही. पेटी असती तर त्या मुलाला वर्गाबाहेर उभे राहावे लागले नसते. पहिल्या दोन छत्र्या मी आणून ठेवल्या आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या एखाद्या ‘खराब दिवसा’तील घटनांची यादी करा. प्रत्येकीपुढे ‘योगायोग’, ‘साखळी’ किंवा ‘माझे वागणे’ यांपैकी एक शब्द लिहा.
२. साखळीतील पहिली कडी शोधा. ती टाळण्यासाठी आदल्या रात्री काय करता आले असते?
३. २० ऐवजी १० कामे असतील, तर सर्व सुरळीत होण्याची शक्यता किती? (कॅल्क्युलेटर चालेल.)
४. फजिती किंवा संकट यांवरच्या आणखी पाच म्हणी आजी-आजोबांना विचारून लिहा आणि त्यांचा अर्थ सांगा.
५. त्याच दिवशी तुम्हाला मदत करणाऱ्या एका व्यक्तीबद्दल पाच ओळी लिहा. यादीत ती आधी का आली नाही, याचाही विचार करा.