सात वर्षांत डेंटिस्ट : वाचलेलं वर्ष कितीला पडतं?

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी काही विद्यापीठांचे जोड-अभ्यासक्रम असतात. तीन वर्षं कॉलेज, मग चार वर्षं डेंटल स्कूल. एरवी आठ वर्षं लागतात, ती सातवर येतात. कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकचं डेंटल स्कूल तीनच वर्षांचं असल्यामुळे तिथे दोन अधिक तीन अशी पाच वर्षांचीही वाट आहे. शेवटी हाती डीडीएस येते किंवा डीएमडी. दोन्ही पदव्या समान दर्जाच्या आहेत, त्यावरून कॉलेज निवडू नका.

सतराव्या वर्षी लेकीला असं पत्र आलं की घरात आनंद होणारच. डेंटल स्कूलची जागा आधीच राखीव, पुढची धाकधूक कमी. पण सही करण्याआधी एक हिशेब मांडायला हवा. बहुतेक घरांत तो कॉलेजच्या फीचा मांडला जातो आणि तिथेच गफलत होते. या प्रवासात कॉलेज हा स्वस्त भाग आहे. खरा खर्च डेंटल स्कूलचा, आणि जोड-अभ्यासक्रम घेताना तुम्ही ते डेंटल स्कूलच निवडत असता.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी किंवा पेन्सिल्वेनिया विद्यापीठासारख्या खासगी डेंटल स्कूलमध्ये फी, उपकरणांचं किट, विमा, राहणं-खाणं धरून वर्षाला १ लाख डॉलरच्या बराच वर खर्च येतो. स्वतःच्या राज्यातल्या सरकारी डेंटल स्कूलमध्ये रहिवाशांना फी कमी पडते. किती कमी, ते राज्यांगणिक बदलतं. टेक्सासमध्ये हा फरक मोठा आहे. नॉर्थ कॅरोलिनातलं ईस्ट कॅरोलिना विद्यापीठ तर डेंटलला फक्त आपल्या राज्यातलीच मुलं घेतं.

हिशेबासाठी खासगीचा सगळा खर्च वर्षाला १,२५,००० डॉलर धरा आणि सरकारीचा ७५,०००. चार वर्षांत २ लाखांचा फरक पडतो. आता वाचलेलं वर्ष तराजूत टाका. सरकारी कॉलेजचं चौथं वर्ष राहण्यासकट साधारण ३० हजारांचं. शिवाय वर्षभर आधी कमाई सुरू होते. डेंटिस्टचं मध्यम वार्षिक उत्पन्न पावणेदोन लाखांच्या आसपास आहे, करानंतर हाती १ लाख २० हजारांच्या जवळपास उरतात. म्हणजे फायदा दीड लाखाचा आणि तोटा दोन लाखांचा, वर व्याज. हे व्याज पहिल्या वर्षापासूनच चढू लागतं.

जोडलेलं डेंटल स्कूल तुमच्याच राज्यातलं सरकारी असेल, तर चित्र उलटतं. न्यू जर्सीतल्या मुलासाठी एनजेआयटीची तीन वर्षं आणि पुढे रटगर्सचं डेंटल स्कूल, ही त्यातली एक जोडी. तिथे वेळही वाचतो आणि रहिवाशांची फीही लागू होते. अशी जागा मिळाली आणि मुलाचं मन डेंटिस्ट्रीवर खरोखर असेल, तर माझ्या मते सोडू नये.

कर्जाचे नियम आता बदलले आहेत. २०२५च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद होतं. डेंटलसाठी केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. पालकांच्या नावावरच्या पेरेंट प्लस कर्जालाही एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आली आहे. वरचे पैसे खासगी बँकेकडून काढावे लागतील आणि तिथे बहुधा आईवडिलांची सही मागतात. ३ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,६४० डॉलर येतो. दवाखाना स्वतःचा काढायचा असेल तर त्याचं कर्ज वेगळं.

एच-४ व्हिसावरच्या मुलांच्या पालकांनी इथे थांबून वाचावं. केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एच-४वाल्यांना नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे नेमका डेंटल स्कूलच्या उंबरठ्यावर. त्यानंतर एफ-१ घ्यावा लागतो आणि बऱ्याच सरकारी डेंटल स्कूलमध्ये परदेशी विद्यार्थ्याला जागाच नसते. व्हिसा बदलला तर राखीव जागा टिकेल का आणि फी कोणत्या दराने लागेल, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका.

राखीव जागा ही अटींवर राखीव असते. ठरलेला जीपीए, डॅट परीक्षेतले किमान गुण, बहुतेक ठिकाणी मुलाखतही. काही ठिकाणी दुसऱ्या डेंटल स्कूलला अर्ज केला की हमी जाते. अट हुकली तर चौथं वर्ष करून रीतसर अर्ज करता येतो, पण त्यासाठी विषय तशा बेताने निवडलेले हवेत. एपीचे गुण रसायनशास्त्र-जीवशास्त्राच्या बदल्यात सगळीच डेंटल स्कूल धरत नाहीत, हेही आधी विचारा.

‘त्यापेक्षा भारतात बीडीएस करू दे’ असा सल्ला पुण्या-नागपूरहून येतोच. तिथे ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि इंटर्नशिपसकट पाच वर्षं जातात. अमेरिकेत परतल्यावर बहुतेक राज्यांत परवान्यासाठी इथल्या डेंटल स्कूलमध्ये पुन्हा दोन-तीन वर्षं काढावी लागतात, तीही इथल्याच फीने. मुलाला इथेच राहायचं असेल तर या वाटेने बचत होईलच असं धरून चालू नका.

लष्कराची एचपीएसपी शिष्यवृत्ती पूर्ण फी आणि मासिक भत्ता देते. बदल्यात काही वर्षांची सेवा करावी लागते आणि ती फक्त नागरिकांना खुली आहे. तयारी असेल तर याहून मोठी मदत नाही.

पैशांइतकाच मुलाच्या मनाचा विचार करा. ओळखीच्या डेंटिस्टकडे सुट्टीत काही आठवडे त्याला पाठवा. दिवसभर वाकून केलेलं काम, घाबरलेला पेशंट, विमा कंपनीचे कागद, सगळं बघू द्या. त्यानंतरही तो हो म्हणाला, तर त्या होकाराला वजन आहे.

बऱ्याच कॉलेजांना १ मेपर्यंत निर्णय कळवायचा असतो. त्याआधी जोडलेल्या डेंटल स्कूलच्या चालू वर्षाच्या एकूण खर्चाचा आकडा काढा, त्याला वर्षांनी गुणा आणि मुलाला शेजारी बसवून दाखवा. कर्ज त्याच्याच नावावर असणार आहे.