बुद्धिबळ मंडळाच्या ग्रंथसंग्रहातून पुस्तके आणताना

नागपूरच्या दिव्या देशमुख या तरुण खेळाडूने २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या भागातील शाळांतूनही मधल्या सुटीत बुद्धिबळाचे पट मांडलेले दिसू लागले. पट आणि सोंगट्या थोड्या खर्चात मिळतात. अडते ते पुस्तकापाशी. मुलांना शह आणि मात यांपलीकडे नेण्याइतके ज्ञान आपणा शिक्षकांपैकी थोड्यांनाच असते, आणि ते पुस्तकावाचून वाढत नाही. जिल्ह्याच्या गावी बुद्धिबळ मंडळ असेल, तर तेथे बहुधा पुस्तकांचेही एखादे कपाट असते. त्या कपाटाचा शाळेसाठी उपयोग कसा करून घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

खेळ आणि ग्रंथ यांची अशी सोबत जुनी आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १८५४ साली कारागिरांच्या शिक्षणासाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. १९०६ सालच्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत तिचा ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. तरी संस्थेने तो पुन्हा उभा केला, आणि आजही तेथे ग्रंथालय व बुद्धिबळाचे दालन एकाच इमारतीत असून सभासदास पुस्तक घरी नेता येते. याउलट क्लीव्हलंड येथील वकील जॉन व्हाइट यांनी १९२८ साली मृत्युसमयी आपला बुद्धिबळविषयक संग्रह तेथील सार्वजनिक ग्रंथालयास ठेवला. आज त्यात तीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत, परंतु ते तेथेच बसून वाचावयाचे असतात. आपल्या जिल्ह्यातील लहानशा कपाटातही हे दोन्ही प्रकार असू शकतात. म्हणून देवघेवीची पुस्तके कोणती आणि बसून वाचावयाची कोणती, हे मंडळाच्या चिटणिसांना आधीच विचारून घ्यावे. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र, अनामत रक्कम आणि परतीची ठरलेली तारीख, इतक्या सिद्धतेने गेलेल्या शिक्षकास सहसा विन्मुख परतावे लागत नाही.

कपाटापाशी गेल्यावर पहिला मोह होतो तो डावाच्या आरंभावरील जाडजूड ग्रंथांचा. शाळेसाठी ते आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आरंभाचे शास्त्र सतत बदलते आणि चाळीस वर्षांपूर्वीचे पुस्तक त्या बाबतीत शिळे होते. राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, ही शेवटाची स्थिती मात्र कधीच शिळी होत नाही. तेव्हा प्रथम एका-दोन खेळींत मात करण्याच्या कोड्यांचे पुस्तक आणावे, मग शेवटाच्या स्थितींचे, आणि त्यानंतर टिपांसह छापलेल्या गाजलेल्या डावांचे.

पुष्कळ शिक्षक पुस्तक घरी आणून दोन दिवसांत मिटून ठेवतात. याचे कारण आळस नव्हे, तर जुनी लेखनपद्धती होय. मंडळांच्या कपाटांत जुनी इंग्रजी पुस्तके असतात आणि त्यांतील खेळी 'पी-के ४' अशा लिहिलेल्या असतात. आज वर्तमानपत्रांत 'ई ४' असे घराचे नाव येते. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८१ पासून स्पर्धांसाठी ही दुसरी पद्धतीच मान्य केली. पण त्यापूर्वीची पुस्तके त्यामुळे निरुपयोगी झालेली नाहीत. जुन्या पद्धतीत उभ्या ओळीस तिच्या तळाशी आरंभी उभ्या असलेल्या मोहऱ्याचे नाव असते. पांढऱ्याच्या डावीकडून पाहता वजिराच्या बाजूचा हत्ती, घोडा, उंट आणि स्वतः वजीर यांच्या ओळी म्हणजे ए, बी, सी, डी. पुढे राजा, त्याच्या बाजूचा उंट, घोडा आणि हत्ती यांच्या ओळी म्हणजे ई, एफ, जी, एच. आडव्या ओळी मात्र प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने मोजतो, त्यामुळे एकाच घरास दोन नावे येतात. खरा घोटाळा होतो तो येथेच. त्यावर उपाय सोपा आहे. पांढऱ्याचा अंक तसाच ठेवावा आणि काळ्याचा अंक नवातून वजा करावा. 'पी-के ४' ही खेळी पांढऱ्याची असेल तर ई ४. काळ्याची असेल तर नऊ वजा चार, म्हणजे ई ५. काळ्याचा घोडा राजाच्या उंटाच्या तिसऱ्या घरात गेला, तर नऊ वजा तीन, म्हणजे एफ ६. इयत्ता चौथीची मुले ही वजाबाकी शिक्षकापेक्षा लवकर करतात, असा अनुभव आहे. आणखी एक ध्यानात ठेवावे. फार जुन्या पुस्तकांत घोड्याची खूण 'केटी' अशी दोन अक्षरी असते, ती घाईत राजाची 'के' म्हणून वाचली जाते.

गावातील वडीलधारी मंडळी देशी पद्धतीने खेळतात, हेही विसरू नये. त्या पद्धतीत प्यादे आरंभी दोन घरे जात नाही आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. पुस्तकातील कोडे आजोबांनी 'चुकीचे' ठरवले, तर वाद न घालता नियमांतील भेद सांगावा. १८१४ साली मुंबईत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकासाठी त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनाही देशी डावपेच युरोपीय पद्धतीस जुळवून घ्यावे लागले होते.

पुस्तकाची मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते. तेवढ्यात ते वाचून होत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी उतरवून घेण्याजोगे निवडावे. पॉल मॉर्फी याने १८५८ साली पॅरिसच्या नाट्यगृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळलेला डाव अवघ्या सतरा खेळींचा आहे. तो एका पानावर मावतो. वहीत उतरवताना पंधराव्या खेळीनंतर थांबावे, ती स्थिती पटावर मांडावी आणि पांढऱ्याने आता काय करावे, असे मुलांना विचारावे. मॉर्फीने वजीर बी ८ वर नेऊन शह दिला. काळ्याला तो घोड्याने मारावाच लागला आणि घोडा हलताच हत्तीने डी ८ वर मात केली. जी ५ वरील उंटाची तिरकी नजर डी ८ आणि ई ७ या दोन्ही घरांवर आहे, हे ज्या मुलास स्वतः दिसेल, त्याला पुढच्या पुस्तकाची ओढ आपोआप लागते.

एक चूक माझ्या हातून घडली, ती सांगतो. शेवटाच्या स्थितींचे एक पुस्तक मी मुलांच्या हाती तसेच दिले. एका हुशार मुलाने उत्साहाच्या भरात आकृत्यांवर शाईने बाण काढले. त्यानंतर ते पुस्तक कोणास देण्याजोगे राहिले नाही, कारण प्रत्येक कोड्याचे उत्तर आकृतीवरच उघडे पडले होते. मी मंडळात जाऊन चूक कबूल केली, अनामत तेथेच सोडली. तरी पुढील वर्षभर आमच्याच नव्हे, शेजारच्या दोन शाळांनाही पुस्तके मिळाली नाहीत. त्या शाळांचा काही अपराध नव्हता.

तेव्हापासून मूळ पुस्तक शिक्षकाच्या मेजावरच राहते. मुलांसाठी चौकटी आखलेले कागद असतात. त्यांवर ती पेन्सिलीने सोंगट्यांची आद्याक्षरे लिहून आकृती उतरवतात आणि उत्तर कागदाच्या पाठीमागे लिहितात. छापील चूक आढळली, तरी पुस्तकात दुरुस्ती करू नये. पान आणि खेळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी परत करताना चिटणिसांच्या हाती द्यावी. आमच्या शाळेत अशा कागदांची आता जाड वही झाली आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीवरील शाळेने ती मागून नेली, आणि आम्ही ती रीतसर नोंदवहीत मांडून, परतीची तारीख घालूनच दिली.