आजीच्या मराठीतून जपानी

सॅन होजे, कॅलिफोर्निया

चि. सोनू,

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. इथल्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट जपानीसाठी वर्गातले २२०० तास धरते, हे वाचून तू धसकलीस. अगं, तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. तुझ्या घरात मराठी आहे. "ती फक्त आजीशी बोलण्यापुरती," असं तू म्हणालीस. मला नेमकी तीच हवी आहे.

तुझं पुस्तक इंग्रजीतून समजावतं, म्हणून साध्या गोष्टी अवघड दिसतात. 'मिझु गा होशीइ' याचं इंग्रजी करायला गेलं की 'मी' कर्ता होऊन बसतो आणि 'गा' पाण्याला का लागला ते कळेनासं होतं. मराठीत म्हणून बघ: पाणी हवंय. संपलं. 'तोक्यो कारा क्योतो मादे' म्हणजे तोक्योपासून क्योतोपर्यंत. क्रियापद शेवटी, आणि प्रश्नाला चक्क आपला 'का': 'इकिमासु का?' जाता का?

आता आजीच्या स्वयंपाकघरात चल. ती म्हणते, "खाऊन बघ." जपानीत 'ताबेते मिरु'. 'मिरु' म्हणजे बघणे, आणि तिथेही हे बघणं डोळ्यांचं नाही. "विकत घेऊन ठेव" म्हणजे 'कात्ते ओकु'. 'ओकु' म्हणजे ठेवणे. "खाऊन टाकलं" म्हणजे 'ताबेते शिमात्ता'. वर्गातली मुलं यासाठी तक्ते घोकतील. तुझ्या कानात ही घडण लहानपणापासून आहे, तिच्यावर विश्वास ठेव.

रोमन लिपी पहिल्याच आठवड्यात सोड. मी ती धरून बसले आणि दीर्घ स्वर कानाला लागायला फार उशीर झाला. 'ओबासान' म्हणजे काकू. त्यातला 'बा' लांबवला की आजी होते. हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशा ओळींनी लावतात. तो क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. क्रियापदंही बाराखडीसारखी चालतात. 'काकु' म्हणजे लिहिणे. त्याचं काकानाइ, काकिमासु, काकेबा, काको. देवनागरीत मांडलंस की एका नजरेत दिसेल.

शब्द सुटे पाठ करू नकोस. इंग्रजीत सगळंच 'वेअर'. जपानीत टोपी 'काबुरु', बूट 'हाकु', सदरा 'किरु'. आपणही साडी नेसतो, शाल पांघरतो, सदरा घालतो. म्हणून वहीत नाम लिहिताना त्याचं क्रियापद शेजारी हवंच.

सगळीकडे मराठी हात देणार नाही. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, रोज थोडी थोडी हाताने गिरवावीच लागतील, आणि 'वा' व 'गा' या प्रत्ययांतला फरक ऐकून ऐकूनच मुरतो. अमेरिकेत जेएलपीटी ही जपानीची परीक्षा वर्षातून एकदाच, डिसेंबरात असते. यंदा घाई नको, पुढच्या खेपेला तिची एन-५ ही सर्वांत सोपी पातळी दे.

रविवारी आजीला फोन करशील तेव्हा वही घेऊन बस. तिच्या बोलण्यातलं 'करून ठेव', 'देऊन टाक', 'विचारून बघ' जसंच्या तसं टिपून घे. कशासाठी टिपतेस तेही तिला सांग. तिला फार बरं वाटेल.

तुझी,
आत्या