आरसीची फ्रेम, ड्यूकचं इंजिन

प्रश्न : माझ्याकडे केटीएम आरसी २०० ची फ्रेम, चाकं आणि शॉकअप आहेत, इंजिन जाम होऊन कामातून गेलं आहे. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये अपघातात सापडलेल्या ड्यूक ३९० चं इंजिन मिळतंय. दोन्ही जोडून फक्त ट्रॅकवर चालवायची गाडी करावी, असं मनात आहे. मित्र म्हणतात, चार बोल्ट काढायचे आणि चार लावायचे. खरंच इतकं सोपं असतं का? आणि मुळात एका गाडीचं इंजिन दुसरीच्या फ्रेममध्ये घालून चांगली गाडी होते का?
– एक वाचक, मारुंजी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो. होते, नक्की होते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर तुमच्या जवळच, चाकणला घडलं आहे. बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि पुढे चाकणच्या कारखान्यातून छोट्या ड्यूक बाहेर पडू लागल्या. २०१३ मध्ये ड्यूक ३९० आली. बोअर ८९ मिलिमीटर, स्ट्रोक ६० मिलिमीटर, म्हणजे ३७३ सीसी. याच मापाचं इंजिन २०१४ मध्ये आरसी ३९० मध्ये आलं, २०१६ च्या अखेरीस डॉमिनारमध्ये, २०२० मध्ये ३९० ॲडव्हेंचरमध्ये आणि मे २०२४ मध्ये पल्सर एनएस ४००झेडमध्ये. डॉमिनारसाठी सुरुवातीला वरचं हेड बदललं, ताकद ३५ पीएसपर्यंत खाली आणली. ड्यूकला तेच ४३ च्या पुढे होतं. पण खरा फरक पडला तो फ्रेमने. ड्यूक आणि आरसी नळ्यांच्या जाळीदार फ्रेमवर, तर डॉमिनार आणि एनएस पोलादी पत्रा दाबून केलेल्या पेरीमीटर फ्रेमवर. डॉमिनारच्या दोन चाकांमधलं अंतर १४५३ मिलिमीटर आहे, आरसीचं १३४०. लडाखला सामान लादून निघालेला डॉमिनारवाला आणि आरसीच्या टाकीवर छाती टेकून वळण घेणारा पोरगा एकाच घराण्याच्या इंजिनावर बसलेत, हे दोघांनाही सांगावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : गाडीचा स्वभाव फ्रेम ठरवते. इंजिनाची निवड त्यानंतर.

हे ब्रिटनमधल्या पोरांना साठ-सत्तर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसने केलेली 'फेदरबेड' फ्रेम नॉर्टनने १९५० मध्ये शर्यतीत उतरवली आणि वळणावर तिच्या तोडीचं दुसरं काही उरलं नाही. त्याच काळात तिथे ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींचं वेड होतं. त्या मोटारवाल्यांना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असे, पण नॉर्टन सुटं इंजिन विकायला तयार नव्हती. मग ते अख्खी मोटारसायकल घ्यायचे, इंजिन काढून मोटारीत घालायचे आणि फ्रेम पडून राहायची. या रिकाम्या फ्रेममध्ये लोकांनी ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवलं. ट्रायम्फचं इंजिन चपळ, पण तिची स्वतःची फ्रेम तितकी भरवशाची नव्हती. नॉर्टनची फ्रेम अव्वल. दोन्ही नावं जोडून त्या गाडीला 'ट्रायटन' म्हणू लागले. आजची मोटो२ शर्यतही याच तत्त्वावर चालते. २०१९ पासून सगळ्यांना ट्रायम्फचं एकच ७६५ सीसीचं इंजिन मिळतं. फ्रेम मात्र कालेक्ससारखे कारागीर वेगळी बनवतात आणि चुरस तिथेच असते.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. जोडी तुम्ही चांगली निवडली आहे. आरसीचं स्टिअरिंग हेड ६६.५ अंशांवर आहे, ड्यूकचं ६५ वर. शिवाय आरसी लांबीला कमी. त्यामुळे ती वळणात पटकन शिरते आणि ट्रॅकवर हेच हवं असतं. ड्यूकची फ्रेम आणि आरसीचं इंजिन असं उलट विचारलं असतंत, तर मी इतक्या उत्साहाने लिहिलं नसतं. आरसी २०० आणि आरसी ३९० एकाच आराखड्यावर बेतलेल्या असल्याने पहिल्या पिढीचं ३९० तुमच्या फ्रेममध्ये बसवणं हे सोप्या कामांपैकी आहे. मात्र २०२३ मध्ये आलेलं ३९९ सीसीचं इंजिन कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याचा स्ट्रोक ६४ मिलिमीटर आहे आणि ते वेगळ्याच घराण्यातलं समजा.

मित्रांचे 'चार बोल्ट' म्हणजे फाउंडेशन बोल्ट. ड्यूक-आरसीच्या फ्रेमला इंजिनाखालून आधार देणारा पाळणा नाही. इंजिन वरून टांगलेलं असतं आणि त्याची क्रँककेस फ्रेमला ताठ ठेवायला मदत करते. म्हणजे इंजिन हा फ्रेमचाच एक भाग झाला. त्यामुळे बोल्ट हाताने सरळ आत जात नसेल, तर तिथेच थांबा. कानस मारून भोक मोठं करायचं, फटीत वॉशर कोंबायचे, पाना लावून ओढून घ्यायचं, हे प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतात आणि ट्रॅकवर ते जिवावर बेततात. थ्रॉटल उघडला की चेन इंजिनाला मागे खेचते. मोठ्या केलेल्या भोकात बोल्ट हळूहळू मार खात राहतो. बोल्ट बसत नसेल तर तीनच शक्यता असतात : फ्रेम वाकली आहे, स्पेसर चुकला आहे, किंवा इंजिन वेगळ्या वर्षाचं आहे. आधी नेमकं कारण शोधा.

तुमचं इंजिन अपघाताच्या गाडीतलं आहे, म्हणून पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट कराच. क्रँककेसचे जे कान बोल्ट धरतात, त्यांची डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करून घ्या. भोसरी एमआयडीसीत ओळख असेल तर कुणीही करून देईल, नाहीतर स्प्रेचे डबे विकत मिळतात. कान क्लीनरने स्वच्छ करायचा, लाल रंगाचा द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. धातू धड असेल तर सगळं पांढरं राहतं. डोळ्याला न दिसणारा तडा असेल तर त्यात शिरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. रेघ दिसली की ते इंजिन सोडून द्या. ॲल्युमिनियमचा कान वेल्डिंग करून 'नवा' करून देणारे भेटतील, त्यांचंही ऐकू नका.

इंजिन बसलं की चेन लाईन. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नसेल तर चेन दातांच्या बाजूला घासते, तापते आणि ट्रॅकवर तुटते. तुटलेली चेन मागचं चाक जाम करू शकते, क्रँककेसही फोडू शकते. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला चांगली लांब सरळपट्टी धरा आणि ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या. पट्टी दोन्हीकडे सारखी टेकली पाहिजे; मिलिमीटरभरापलीकडे फरक असेल तर लेथवर स्पेसर करून घ्या. मात्र त्याआधी मागचं चाक चिमट्यात (स्विंगआर्ममध्ये) सरळ बसलंय का ते तपासा, नाहीतर वाकड्या चाकाला सरळ मानून सगळी मापं चुकतील.

चेनची आणखी एक करामत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चिमटा जिथे फ्रेमला जोडलेला असतो तो बिंदू आणि पुढचं स्प्रॉकेट, या दोहोंचं वर-खाली नातं फार नाजूक असतं. इंजिन मूळ जागेपेक्षा थोडं जरी वर-खाली बसलं, तरी चेनच्या वरच्या बाजूचा कोन बदलतो. मग वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की गाडीचं बूड बसतं, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी रेषेबाहेर पळते. लोक सस्पेन्शन घट्ट करून पाहतात, टायर बदलतात, पण दोष इंजिनाच्या जागेत असतो. म्हणून वेगळ्या घराण्याचं इंजिन घालताना नवे माउंट करावे लागले, तर जुनं इंजिन काढण्यापूर्वीच त्याच्या स्प्रॉकेटची जागा मोजून लिहून ठेवावी आणि नवं स्प्रॉकेट शक्य तितकं तिथेच आणावं. माउंटच्या प्लेटा कागदी पुठ्ठ्यावर कापून बघायच्या, नीट जुळल्या की लेझर कटिंगला द्यायच्या. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे काम गल्लीत करून मिळतं. देशातल्या कितीतरी हौशी पोरांना ही सोय नाही. तिचा भरपूर उपयोग करा. फक्त फ्रेमच्या हेडच्या नळीला वेल्डिंगचा टाका लागू देऊ नका.

वायरिंगबद्दल थोडक्यात : सगळं एकाच गाडीचं घ्या. ड्यूक ३९० मध्ये २०१७ पासून थ्रॉटलला केबल नाही. मुठीतला सेन्सर ईसीयूला सांगतो आणि ईसीयू झडप उघडतो. तुमच्या आरसी २०० ला केबल आहे. म्हणजे २०१७ पासूनचं इंजिन घेतलंत तर मूठ, ईसीयू, मीटर, हार्नेस, सेन्सर सगळं त्याच गाडीचं लागणार. सुटं इंजिन स्वस्तात मिळतं आणि वायरिंग जमवताना दुप्पट पैसे जातात. गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ दिशेनेच बसवा, नाहीतर इंजिन सुरूच होणार नाही आणि दोष मात्र शोधत बसाल फ्युएल पंपात. रेडिएटरही ३९० चाच असू द्या.

ट्रॅकवर जाण्यापूर्वी गाडीचे आरसे, दिवे, स्टँड काढा. तेलाचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचं झाकण तारेने बांधून घ्या, म्हणजे थरथरीने सुटणार नाही. कूलंट काढून साधं पाणी भरा, कारण कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो आणि मागून येणारा पडतो. चेन जिथे मागच्या स्प्रॉकेटवर चढते तिथे बोटं अडकू नयेत म्हणून पट्टी लावा. अशी जोडगाडी राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रो-स्टॉक गटात चालणार नाही, तिथे कंपनीचं मान्यताप्राप्त मॉडेलच लागतं. पण ट्रॅक-डेला तुम्ही ती नेऊ शकता. कोइंबतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७. जवळचं हवं असेल तर तळेगावजवळ नानोलीला चौकशी करा. आयोजकांना गाडीबद्दल खरं ते आधी सांगा.

कायद्याचं मात्र नीट वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तेव्हा ही गाडी रस्त्यासाठी नाहीच. जुन्या आरसीची नोंदणी आरटीओकडे अर्ज करून रद्द करा. इंजिन घेताना मूळ मालकाची किंवा विमा कंपनीकडून घेतल्याची पावती मागा आणि तिच्यावरचा इंजिन नंबर क्रँककेसवरच्या नंबराशी ताडून पाहा. नंबर घासलेला दिसला, तर भाव कितीही चांगला असो, तिथून निघा. आणि लक्ष्मी चौक ते मारुंजी रस्त्यावर रात्री 'एक राउंड मारून बघू' हा मोह कृपा करून टाळा. त्या रस्त्यावर रात्रपाळीची माणसं चालत असतात. पहिली चाचणी ट्रॅकवर, गाडी टेम्पोत घालून नेऊन, पूर्ण रायडिंग सूट घालूनच.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या टीमने फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी केलेल्या गाडीत ड्यूक ३९० चंच इंजिन आहे. तो म्हणतो, मोटारीत बसवलं की वळणावर या इंजिनाला तेल मिळत नाही. पण मोटारसायकल तर गुडघा टेकेल इतकी झुकते. तेव्हा तेल कसं पुरतं?
– एक वाचक आई, आकुर्डी

उत्तर : ताई, तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. पाण्याची बादली हाताने जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, तळाशी चिकटून राहतं. झुकलेल्या मोटारसायकलचं तसंच आहे. वळणाचा जोर आणि गुरुत्वाकर्षण मिळून जो ओढा तयार होतो, तो जवळपास गाडीच्या उभ्या रेषेतूनच जातो. जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्याला गाडी तिरकी दिसते. इंजिनातल्या तेलाला मात्र ती सरळच वाटते. मोटार वळणावर झुकत नाही. तिथे तेल बाहेरच्या बाजूला सरकतं, आणि वळणाचा जोर वजनाइतका झाला तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. तेल ओढणारी नळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगला क्षणभर तेल मिळत नाही. असे क्षण साठत गेले की बेअरिंग जातं.

उपाय म्हणजे तेलाच्या तळात आडव्या पट्ट्या घालून त्याची धाव अडवायची, किंवा तळ बदलून नळी तेलात बुडलेली राहील असं करायचं. मोठ्या टीम तेल वेगळ्या टाकीत ठेवतात. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, की तेलाचा दाब पडताच इंजिन बंद करणारा स्विच त्यांनी बसवला आहे का. नसेल तर पुढच्या चाचणीआधी बसवायला सांगा.