स्वमग्न मुलगा रात्रभर जागतो, तेव्हा

प्रश्न : बावीस वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. रेल्वेच्या वेळापत्रकांचा नाद लहानपणापासूनचा. हल्ली मात्र तो रात्र-रात्र जागतो, अखंड बोलतो, तरी थकत नाही. डॉक्टरांना बायपोलर आजाराची शंका आहे. दोन्ही एकत्र असू शकतं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : हो, असू शकतं. स्वमग्नता ही मेंदूची जन्मजात जडणघडण. बायपोलर आजाराचे मात्र टप्पे येतात-जातात. म्हणून वेळापत्रकांचा नाद हे आजाराचं लक्षण नव्हे. नेहमीच्या वागण्यात झालेला बदल महत्त्वाचा. कमी झोपूनही ओसंडणारा उत्साह, चिडचिड, वारेमाप खर्च आठवडाभर टिकला, तर तो बायपोलरमधला उन्मादाचा टप्पा असू शकतो.

झोपेची रोज वहीत नोंद ठेवावी. अनेक स्वमग्न व्यक्तींना मनातलं शब्दांत सांगणं जड जातं. तिथे ही वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

उपचारांत लिथियम हे जुनं औषध. मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात उन्मादावर त्याचा गुण दाखवला. ते आजही प्रभावी आहे, पण रक्तातली पातळी, थायरॉईड आणि मूत्रपिंडं नियमित तपासावी लागतात. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेन घेतलं, तर पातळी धोकादायक वाढू शकते. प्रयोगशाळेतला गोंगाट मुलाला सोसत नसेल, तर शांत वेळ आधीच मागून घ्यावी. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर लगेच रुग्णालय गाठावं. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.