आधी झेंडा बघ

वेळणेश्वर, ता. गुहागर

चि. ओंकार यास,



काल चिनूचा फोन होता. गणपतीची तिकिटं काढली हे सांगायला केला होता. बोलता बोलता म्हणाली, "मामा, दादाने आज पाणबुडीच्या गेममध्ये स्वीडनचं जहाज उडवलं. मी म्हटलं, अरे झेंडा बघ की. तर म्हणतो, टन ते टन." ती हसत होती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून राहिलो. मग न राहवून तुझ्या आईला, सुमीला, फोन केला, तर कळलं की तू स्टेटसलाही हेच टाकतोस. आज इतके हजार टन, काल इतके हजार टन, आणि पुढे हसरे चेहरे.

हा खेळ तुला मी दिला, तेव्हा बोलायचा हक्क माझा आहे आणि बोलणं भागही आहे. सायलेंट हंटर ३ निघाला २००५ साली. मी तेव्हा मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनीअर होतो. वॉच संपला की केबिनमध्ये लॅपटॉप उघडायचा आणि जर्मन पाणबुडी घेऊन अटलांटिकात उतरायचं, खाली आमचं स्वतःचं इंजिन धडधडत असायचं. त्यामुळे खेळ सोड असं मी तुला कधीही सांगणार नाही. पण खेळतोस तर नीट खेळ. चिनू म्हणते, दर गस्तीत तासाभरात तुझी पाणबुडी बुडते. बुडणारच. झेंडा बघायला जो थांबत नाही, तो बाकी काही बघायलाही थांबत नसणार.

पहिलं म्हणजे, तू चालवतोस ती टाइप ७ ही सदा पाण्याखाली राहायची बोट नाही. ती वरून चालते आणि गरज पडली तर बुडी मारते. वर डिझेलवर ती १७ नॉटने पळते. खाली बॅटरीवर जेमतेम ७, आणि तेही थोडाच वेळ. ४ नॉटने सावकाश गेलास तरी साधारण ८० सागरी मैलांत बॅटरी संपते. तू कील बंदर सोडलंस की लगेच बुडी मारून रांगत जात असशील, नवे सगळे तेच करतात. वर राहा. रात्री तर वरच राहा. जर्मन पाणबुडीचा कप्तान ओटो क्रेचमर रात्रीच्या अंधारात पृष्ठभागावरूनच ताफ्याच्या आत शिरायचा. विमान दिसलं, विनाशिका दिसली किंवा कानोसा घ्यायचा असला, तरच खाली जा. कानोसा मात्र घेत राहा. दर काही तासांनी २०-२५ मीटरवर उतर, इंजिनं मंद कर आणि हायड्रोफोनवर ऐक. धुक्यात किंवा पावसात जे जहाज दिसणारच नाही, ते तिथे खूप आधी ऐकू येतं.

दुसरं, जहाजाच्या शेपटाला लागू नकोस. नकाशावर त्याची एक जागा मांड, थोड्या वेळाने दुसरी मांड, दोन्ही जोड. दिशा मिळाली. वेगासाठी आमच्या वेळची जुनी युक्ती लिहून ठेव: ३ मिनिटं १५ सेकंदांत जहाज जितके शंभर मीटर सरकेल, तितके नॉट त्याचा वेग. ७०० मीटर सरकलं तर ७ नॉट. मग लांबून वळसा घालून त्याच्या पुढे जा, त्याच्या वाटेशी काटकोन करून थांब आणि त्याला येऊ दे. टाइम कॉम्प्रेशन तेव्हा १ वर आण, कितीही कंटाळा आला तरी. पेरिस्कोप वर काढशील तेव्हा वेग २ नॉटच्या आत हवा, नाहीतर त्याच्या मागे पांढरा फेस दिसतो. आणि काही सेकंद बघून लगेच खाली घे. मारा हजार मीटरच्या आतून कर, पण ३०० मीटरच्या आत शिरू नकोस. तेवढं अंतर कापल्याशिवाय टॉर्पेडो सज्ज होत नाही, नुसता आदळून बुडतो. दिवसा विजेवरचा टॉर्पेडो वापर, वाफेच्या टॉर्पेडोची बुडबुड्यांची रेघ पाण्यावर उमटते. आणि सुरुवातीच्या वर्षांत मॅग्नेटिक ट्रिगरवर भरवसा ठेवू नकोस. ऑक्टोबर १९३९ मध्ये स्कापा फ्लो या ब्रिटिश तळात घुसून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवणारा गुंटर प्रीन, त्याचेसुद्धा टॉर्पेडो एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत वाया गेले. आदळून फुटणारा ट्रिगर लाव.

आता हा जो थांबण्याचा वेळ असतो ना, तो झेंडा बघण्यासाठीच असतो. पेरिस्कोपमधलं चित्र मोठं करून बघ, ओळखवहीत जहाज ताडून बघ. खऱ्या युद्धात स्वीडनसारख्या तटस्थ देशांची जहाजं रात्री दिवे लावून जायची आणि त्यांच्या दोन्ही बाजूंवर झेंडा रंगवलेला असायचा, कारण आपल्याला ओळखा आणि सोडून द्या एवढंच त्यांचं मागणं होतं. तटस्थ जहाज बुडवलं की खेळ तुझं रिनाउन, म्हणजे नावलौकिकाचे गुण, कापतो, पण तेवढ्यासाठी बघू नकोस. आत माणसं आहेत म्हणून बघ.

मामा, हा खेळ आहे, असं तू म्हणशील. आहेच. तिथे कोणी बुडत नाही हे मलाही कळतं. मला जहाजाची काळजी नाही ओंकार, तुझी आहे. "टन ते टन" हे शब्द तुझ्या तोंडातून इतके सहज निघाले, ते मला खुपलं.

आपल्या घरातून हे शब्द निघू नयेत. माळ्यावरची पत्र्याची पेटी तू पाहिली आहेस, उघडलेली कोणी पाहिलेली नाही. ती ज्यांची, ते तुझे पणजोबा आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी कोळसा ओढायचे. १९४२ साली त्यांची बोट अटलांटिकात बुडाली. बोटीचं नाव आपल्या घरात कोणाला नीट उच्चारताही येत नव्हतं, सगळे नुसतं "विलायतेची बोट" म्हणायचे. टॉर्पेडो पाण्याच्या रेषेखाली लागतो आणि आगवाले तिथेच असतात. मीही इतकी वर्षं त्याच रेषेखाली उभा राहून नोकरी केली. खेळताना पेरिस्कोपमध्ये जहाज दिसलं की आता खाली वॉचवर कोण असेल, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहायचं नाही. तरीही मी टॉर्पेडो सोडायचो. पण कधी त्याचे आकडे कोणाला सांगितले नाहीत.

'सिटी ऑफ बनारस' या जहाजाविषयी वाच. लंडनवर बॉम्ब पडत होते म्हणून ९० मुलांना कॅनडात सुरक्षित जागी पाठवलं जात होतं. १७ सप्टेंबर १९४०च्या रात्री यू-४८ ने ते जहाज बुडवलं. यू-४८ म्हणजे तू चालवतोस तीच टाइप ७. त्या ९० पैकी ७७ मुलं गेली. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपल्याकडचे, हिंदुस्थानातले होते, आणि त्यांच्यातलेही कितीतरी गेले. एक होडी ८ दिवस उघड्या समुद्रात होती. तिच्यात सहा मुलगे होते आणि आपले खलाशी होते. स्टेटसवर टाकायचं झालं तर ते जहाज ११,००० टनांचं होतं.

हे तुला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगतोय. मला सांगू शकली असती अशी एकच व्यक्ती होती, माझी आजी, आणि मी तिला कधी विचारलं नाही. तुझ्या वयाचा होतो तेव्हा ती इथेच पडवीत तांदूळ निवडत बसायची. मला बोटीवर जायचं वेड लागलं होतं. सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, कधी मिळेल, पहिलं बंदर कुठलं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात. आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, कसे बोलायचे, कसे हसायचे, जाताना काय म्हणाले, काही म्हणजे काही विचारलं नाही. ज्या दिवशी मी पहिल्या बोटीवर निघालो, त्या दिवशी ती गाडीपर्यंत आली नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. का आली नाही ते कळायला मला फार वर्षं लागली, आणि तोवर ती उरली नव्हती.

हे वाचून तुला वाटेल, मामा फार रागावलाय. काल होतो. आज सकाळपासून लिहितोय, त्यात राग बराच ओसरला. तुझ्या पाणबुडीतली पोरंही आठवली. जर्मन पाणबुड्यांवर साधारण ४०,००० लोक गेले, त्यांतले ३०,००० च्या आसपास परत आले नाहीत. १९४३च्या एका मे महिन्यात ४१ पाणबुड्या बुडाल्या. त्यांचं सरकार क्रूर होतं आणि त्यांनी आपल्या माणसांना मारलं, हे मी विसरत नाही. पण त्यांत विशी-बाविशीची, तुझ्याच वयाची पोरं होती, हेही खरं आहे.

म्हणून त्यांना परत आणायला शिक. मारा झाला की वेग वाढवून पळू नकोस, आवाज होतो. सायलेंट रनिंग लाव, २ नॉटच्या आत राहा, खोल जा, पण २०० मीटरच्या खाली फार जपून. विनाशिकेकडे आपली आडवी बाजू येऊ देऊ नकोस, टोक ठेव. ती थेट डोक्यावर आली की तिचं सोनार तुला हरवतं. त्या क्षणी वेग दे आणि वळ, आणि बॉम्बचा आवाज विरायच्या आत पुन्हा गप्प हो. सेव्ह करायचं ते वर आल्यावर, आजूबाजूला कोणी नसताना. आणि माणसांचा थकवा बघत जा. दमलेल्यांना बंकवर पाठव, ताज्यांना वॉचवर आण. दमलेल्या माणसांच्या हातून टॉर्पेडो भरायला वेळ लागतो. तू स्वतः किती वाजता झोपतोस तेही चिनूने सांगितलंय, त्याबद्दल मी वेगळं लिहीत नाही.

चिनूवर चिडू नकोस. तिने चहाडी केली नाही. ती तुला झेंडा बघ म्हणाली हे ऐकून मला तिचं कौतुक वाटलं. आणि त्या स्वीडनच्या जहाजाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेशील, मला माहीत आहे. लहानपणी खेकडा परत खाडीत सोडला नाही म्हणून रात्री जेवला नव्हतास, तो तूच.

गणपतीला येताना लॅपटॉप आण. आरती, जेवणं आटोपली की एक गस्त दोघं मिळून करू. पेरिस्कोप तुझा, हायड्रोफोन माझा. पूर्वीइतकं ऐकू येत नाही मला, पण हेडफोन लावला की येतं.

आणखी एक मनात आहे. मुंबईत इंडियन सीमेन्स होममध्ये एक नोंदवही आहे. १९३९ ते १९४५ मध्ये गेलेल्या आपल्या खलाशांची नावं तिच्यात आहेत, व्यापारी जहाजांवरचे ६,००० आणि रॉयल इंडियन नेव्हीचे ४०० च्या आसपास. तशीच एक प्रत चट्टग्रामला आहे. मुंबई बंदरातून मी इतक्या वेळा निघालो आणि इतक्या वेळा उतरलो, पण तिथे जायचा धीर झाला नाही. एकट्याने आजोबांचं नाव शोधायचं मला जमणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत तू बरोबर येशील का? नाव तू वाच. मी शेजारी उभा राहीन.

जेवणाची आबाळ करू नकोस. सुमी काळजी करते, तिला रोज फोन कर, दोन मिनिटं का होईना. उकडीच्या मोदकांचं पीठ मामीने दळून ठेवलंय. तू येईपर्यंत पहिली वाफ लावायची नाही असं तिने आधीच सांगून टाकलंय, तेव्हा लवकर ये.

तुझा,
मामा